आईची मेढ

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

सात नंबर बंगल्याच्या मॅडमनी जुनी डायरी टाकायला दिली होती. आत एक अक्षर नाही. टाकायची कशाला? छापलेल्या तारखा खोडून माझ्या घालते. आश्रमशाळेत सर झोपायच्या आधी पाच ओळी लिहायला लावायचे, तेव्हा कंटाळा यायचा. आता बोलायला कोणी नसलं की हात शिवशिवतो.

तर मी प्रमिला. म्हशाजवळच्या कातकरवाडीत राहते, बारावी पास आहे आणि सुट्टीच्या बंगल्यांच्या वसाहतीत झाडलोट करते. बारावी आणि झाडलोट यांचा काय संबंध ते मला विचारू नये. नवरा संजू टेम्पोवर असतो, शहापूरकडचा, डोळखांबच्या वरच्या पाड्यावरचा. आम्हाला घरकुलाची एक खोली मिळाली आहे, पुढे पडवी. भाद्रपदापासून आई आमच्याकडे असते.

बा भाद्रपदात गेला. आमच्यात घरात माणूस गेला की त्या झोपडीत परत राहत नाहीत. दिवस झाल्यावर आईने स्वतःच्या हाताने झोपडी मोडली. कूड उपटला, वासे सोडवले, कामाचं नव्हतं ते पेटवलं, आणि एक ओंडका तेवढा ओढत आमच्या मागल्या अंगणात आणून ठेवला. नवी झोपडी दुसऱ्या जागी बांधायची असते. कधी बांधणार विचारलं की म्हणते, "भात निंगू दे, कारवी वाळू दे."

तोवर ती पडवीत झोपते. खोली एकच, त्यात आम्ही दोघं. तिला आत ये म्हणावं असं नाही, तिला उघड्यावरच बरं वाटतं. तिचं सगळं एका पिशवीत मावतं, तेव्हा तशी अडचण काही नाही.

८ डिसेंबर, रविवार

थंडी फार पडली आहे. सकाळी आईच्या गोधडीवर दव असतं. संजूच्या मागे लागून लागून आज पडवीला ताडपत्री लावून घेतली. खांब नव्हते. मागे तो ओंडका पडला होता, धुराने काळा झालेला पण लोखंडासारखा टणक. संजूने करवतीने मधोमध कापून दोन खांब केले आणि पडवीच्या दोन टोकांना ठोकले. मस्त झालं. वारा अडला. माझा नवरा मनावर घेतो तेव्हा काम चांगलं करतो, पण मनावर घेतो कधी?

आई पानं घेऊन रानातून आली. भारा टाकला आणि खांबाकडे बघत राहिली. म्हणाली, "दोन केलं?"

संजू म्हणाला, "येवढं लांब काय करायचं, आय? आता तुमाला वारा नाय लागनार."

आईने भारा उचलून मागे नेला. रात्री जेवली नाही, पोट बरं नाही म्हणाली. मी ओवा दिला.

११ डिसेंबर, बुधवार

चिडले आहे म्हणून लिहिते. आई खाली गेली. आमच्या वाडीत शहराचं नाव कोणी घेत नाही, सगळी शहरं म्हणजे 'खाली'. वाडीतली पारूमावशी दरवर्षी भात निघालं की जाते, नाक्यावर उभी राहते, कोणी नेलं तर रेती वाहते, नाहीतर काकड्या-बोरं विकते, आणि रात्री पुलाखाली झोपते. तिच्याबरोबर आई गेली. मला न विचारता! मी कामाला गेलेली असताना पिशवी उचलली आणि निघाली.

इथे पडवीत ऊब केली आणि बाई पुलाखाली झोपायला गेली. लोक म्हणणार, पोरीने हाकललं. मी का हाकलीन? संजू म्हणतो, "कामाला गेली, येईल. तू डोकं नको फोडून घेऊ." माणसाने इतकं थंड असू नये.

२८ डिसेंबर, शनिवार

पारूमावशी एकटीच परत आली.

तिच्या तोंडून एकेक शब्द ओढून काढला. शहरात कसलासा मोठा कार्यक्रम आहे म्हणे, रस्ते धुताहेत, झाडांना दिवे लावलेत. पहाटे गाडी आली. पुलाखाली झोपलेली सगळी माणसं गाडीत घातली. मावशी तेव्हा संडासाच्या रांगेत होती म्हणून वाचली. तिने कोपऱ्यावरून बघितलं, आईला चढता येत नव्हतं तर दोघांनी बखोटीला धरून वर घेतलं.

"पण गुन्हा काय केला?" मी विचारलं.

"झोपली व्हती," मावशी म्हणाली. "आनि त्या टायमाला कोन एक बाबा वडापाव वाटत व्हता. तिच्या हातात वडापाव व्हता. ते म्हनले, ही भीक."

वडापाव! बंगल्यातल्या मॅडम उरलेला केक देतात, मी घेते. मग मलाही गाडीत घाला.

३० डिसेंबर, सोमवार

संजूचा टेम्पो घेऊन खाली गेलो. चौकीत हवालदाराने नाव विचारलं, वही चाळली. "जानी सावळ्या. हां. भीक प्रतिबंधक कायदा. कोर्टातून भिक्षेकरी गृहात पाठवली."

मी म्हटलं, "माझी आई भिकारी नाही. ती कामाला आली होती."

"राहते कुठे?"

"माझ्याकडे."

"मग पुलाखाली काय करत होती?" त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आवाज मात्र वाईट नव्हता, दिवसभर हेच बोलून थकलेला होता. "ताई, घर नसलेली माणसं रस्त्यावर दिसली नाही पाहिजेत, असं वरून आलंय."

"रस्त्यावर नाही तर दिसायची कुठे?"

"ते आमच्याकडे येत नाही," तो म्हणाला.

संजूने माझा दंड धरला नसता तर मी अजून बोलले असते. कोर्टात विचारत विचारत मोफत वकील मिळतात त्या खोलीत गेलो. तिथे योगिनी मॅडम भेटल्या. माझ्याच वयाच्या असतील. आधी ऐकून घेतलं, हे मला आवडलं. मग म्हणाल्या, कोर्टाला वाटलं की हिला घर नाही, आधार नाही, मागूनच खाते, तर एक वर्ष आत ठेवू शकतात, जास्तही. त्याआधी एक साहेब चौकशीला घरी येतील. ते काय लिहितात त्यावर पुष्कळ आहे.

आई एक वर्ष कोंडून राहील? ती माझ्या खोलीत एक तास बसत नाही. मी तिला बाहेर काढणार, मग काय वाटेल ते होवो.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आज भेटू दिलं. आई जाळीच्या पलीकडे बसली होती. तिचे केस कापलेत, पार कानाच्या वर. उवा होतात म्हणून सगळ्यांचेच कापतात, तिथली बाई म्हणाली. आईच्या केसांत उवा कधी नव्हत्या. मी ठरवलं होतं रडायचं नाही, आणि रडले.

आई म्हणाली, "रडते कशाला गो. केस येतात."

मी म्हटलं, जज्जासमोर काय सांगितलंस? ती म्हणाली, "इचारलं घर कुटं. म्हनलं, घर हातानं मोडलं. बांधायचं हाय."

"माझं नाव का नाही सांगितलं? लेकीकडे राहते म्हणायचं! सरळ सोडलं असतं तुला."

"तुजं घर तुजं. दुसऱ्याच्या घराला माजं म्हनू? ते खोटं."

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. खरं बोलायला हीच जागा सापडली हिला. मग मी समजूत घातली की लवकर सोडवते, काळजी करू नको. तर ती विचारते काय, "मागली मेढ हाय?"

मेढ म्हणजे तो ओंडका, झोपडीचा मधला खांब असायचा तो. ही इथे कोंडलेली आणि काळजी ओंडक्याची! म्हटलं, "आहे की, पडवीला लावलीय, विसरलीस का? एकदम मजबूत. तू आलीस की बघ, वारा अजिबात येत नाही."

त्यावर तिने मान हलवली आणि खाली बघत बसली. नंतर विचारलेल्या कशालाच तिने उत्तर दिलं नाही. मला वाटतं आत राहून तिच्या डोक्यावर परिणाम होतो आहे. योगिनी मॅडमना सांगितलं पाहिजे.

७ जानेवारी, मंगळवार

चौकशीचे साहेब आले. वाडीच्या तोंडाशी त्यांची मोटारसायकल घसरली, पोरं हसली, म्हणून मी घाबरले होते. पण माणूस सरळ निघाला. चहा घेतला. मग घर बघितलं.

"आई झोपतात कुठे?" पडवी दाखवली. ताडपत्री दाखवली.

"त्यांचे कपडे?" पिशवीत होते, पिशवी तिच्याबरोबर.

"त्या जेवतात कशात? त्यांचं ताट कुठलं?"

मी मांडणीकडे बघितलं. माझं ताट आहे, संजूचं आहे, पाहुण्यांचं म्हणून दोन स्टीलची ठेवलीत. आई पानावर जेवते, पळसाच्या. तिला पानावरच आवडतं. तसं सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं.

"आणि त्या गेल्या तेव्हा तुमचं भांडण वगैरे?"

"एक शब्द नाही," मी म्हटलं. हे अगदी खरं आहे.

ते गेल्यावर मला कसंतरीच झालं. काय चुकलं ते कळेना. ताटाचं काय एवढं? उद्या एक ताट आणून तिचं नाव घालून घेते.

१० जानेवारी, शुक्रवार

योगिनी मॅडमचा फोन. साहेबांनी लिहिलंय, 'लेकीच्या पडवीत तात्पुरता आसरा, स्वतःची कायम जागा नाही.' वाईट लिहिलं नाही, खरंच लिहिलं, असं मॅडम म्हणाल्या. सगळी दुनिया एकदम खरं बोलायला लागली आहे. चार फेब्रुवारीला तारीख आहे. तोवर काही पक्कं दाखवता आलं तर त्या साहेबांना पुन्हा पाठवायला लावतील.

पक्कं म्हणजे काय? मी दिवसभर सात नंबरात जळमटं काढत होते. तीन खोल्या, पाच पलंग, दिवाळीपासून कोणी आलेलं नाही. भिंतीवर पाटी आहे, 'आमचं दुसरं घर'. त्यांना कोणी विचारत नाही तुम्ही यात झोपता का म्हणून. फडकं बादलीत आपटलं तेव्हा सुचलं. आईने जज्जाला काय सांगितलं? बांधायचं हाय. मग बांधूनच टाकू की.

संजूशी भांडण झालं. मागल्या अंगणात त्याला टपरी टाकायची आहे, थंडा आणि वेफर्स, बंगल्यात येणाऱ्यांसाठी. सिमेंटच्या गोण्यासुद्धा आणून ठेवल्यात. म्हणाला, "आनि टपरी कुटं टाकू, तुज्या डोक्यावर?"

मी म्हटलं, "टाक. डोकं रिकामंच आहे म्हणतोस ना."

तो हसला. हसला की काम झालं. मग म्हणाला, "तुमच्यात हे एक बरं हाय, मोडायचं आनि परत बांधायचं. आमच्यात डोळखांबला सगळंच जाळतात, एक काडी ठेवत नाय." आणि उठून त्याने गोण्या बाजूला केल्या. माझा नवरा वाईट नाही, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिलं.

१४ जानेवारी, मंगळवार

म्हशाची जत्रा. एरवी बांगड्या बघत फिरते, या वेळी हनुमानकाकांना शोधत फिरले. वाडीतल्या निम्म्या झोपड्या त्यांच्या हाताच्या. बैलबाजारात दुसऱ्याच्या बैलाचे दात मोजत बसले होते, स्वतःकडे शेळीही नाही. सगळं सांगितलं. म्हणाले, "जानीचं घर? येतो. कारवी तुमी आना, पेंढा मी बगतो."

आईसाठी घोंगडी घेतली. ताट पण घेतलं. नाव घालायचं तर कोणतं घालू, जानी की आई? नुसतंच घेतलं.

१९ जानेवारी, रविवार

दोन दिवस सिद्धगडच्या बाजूला कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या तोडायला जातो आहोत. मी, पारूमावशी, वाडीतल्या बायका. मी इतकी वर्षं शाळेत आणि मग बंगल्यांत, मला भारा बांधता येत नाही. माझा भारा वाटेत सुटला आणि सगळ्या कारव्या ओढ्यात. बायका हसून हसून खाली बसल्या. "बारावीचा भारा," म्हणतात. मान मोडून आली आहे, हातांना फोड आलेत, पण झोप चांगली लागते. उद्यापासून सुट्टी सांगितली आहे. बंगलेवाल्यांची धूळ कुठे पळून जात नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आज खड्डा खणला. हनुमानकाकांनी जागा ठरवली, दार ओढ्याच्या बाजूला. मग हात झटकून म्हणाले, "हां, आता मेढ काढ."

"कसली?"

"जुनी. जानीनं ठेवली आसंल ना. ती उभी केल्याबिगर घर कसं होईल?"

मी म्हटलं, नवी आणू, साग तोडला तर जंगलखातं धरेल, पण कुठूनतरी आणू. काकांनी माझ्याकडे असं बघितलं जशी मी परमुलखातली. म्हणाले, "कूड नवा, पेंढा नवा, मानूस तेच. तर मेढ पन तीच. घर मोडतो ते कूड मोडतो गो. मेढ हाय तवर घर हाय, आडवं पडलेलं आसलं तरी. ह्या मेढीखाली तुज्या आजीचा संसार झाला. तुला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेले ते सुट्टीपुरती घरी येत होते. कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी काकांना हाताला धरून पडवीत नेलं आणि दोन्ही खांब दाखवले. त्यांनी कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. पारूमावशीने तोंडाला पदर लावला.

आईचं घर माझ्या मागल्या अंगणात आडवं पडलेलं होतं आणि आम्ही ते करवतीने कापलं. ती "दोन केलं?" म्हणाली होती. मी ओवा दिला! जाळीपलीकडून तिने विचारलं आणि मी म्हटलं, एकदम मजबूत.

मला रडू आलं आणि रागही आला, आईचाच. तोंड नव्हतं का तिला? एक शब्द बोलली असती. संजू टेम्पो धुवत होता, त्याला सांगितलं तर तो हातातला पाइप टाकून मटकन खाली बसला. त्याला काय बोलू? त्याला तरी कुठे माहीत होतं. काका घरी गेले. पुढे काय, मला माहीत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी काका आले, काखेत कुऱ्हाड. म्हणाले, "रातभर इचार केला. मेढ ल्हान झाली तर घर ल्हान बांधायचं."

पडवीचे दोन्ही खांब त्यांनी स्वतः काढले. ताडपत्री धाडकन खाली आली. काकांनी खांब उभे करून बघितले, पुरले की माझ्या नाकाशी येतील. एक मेढ मध्ये लावायची ती आता दोन, एक चुलीकडे, एक झोपायच्या बाजूला, त्यावर आडं, म्हणजे छपराचं आडवं लाकूड. "वाकून जायचं," म्हणाले, "कोन मरत नाय वाकून."

संजूने खड्डे बुजवले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. माती टाकायची, पायाने दाबायची, हलवून बघायचं, पुन्हा माती. मी मागून म्हटलं, "टपरी बांधतोस का रे?" पण त्याला हसू आलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

कूड झाला. आज सारवलं. वाडीतल्या सगळ्या बायका आल्या, शेण कमी पडलं तर पारूमावशी गोठे फिरून घेऊन आली. शाळेत झेंडावंदनाची गाणी लावली होती, त्याच तालावर हात फिरत होते. माझ्या भिंतीवर बोटं उमटलीत, बाकीच्यांच्या गुळगुळीत. राहू दे. फोटो काढला.

३० जानेवारी, गुरुवार

साहेब पुन्हा आले. मोटारसायकल या वेळी लांबच लावली. झोपडीच्या दाराशी आले, मान वाकवली, पुरती वाकवली नाही, आणि आड्याला टाळकं आपटलं. मी देवाचं नाव घेतलं. ते आत जाऊन बसले, कपाळ चोळत इकडे तिकडे बघितलं. चूल, घोंगडी, ताट.

"हे घर कधीचं?"

मी तोंड उघडलं होतं, पण काका बाहेरून म्हणाले, "मेढ जुनी हाय साहेब, घर नवं हाय." मग त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, करवतीसकट. मी जमिनीकडे बघत होते. साहेबांनी काळ्या खांबावरून हात फिरवला, बोटाला काजळी लागते का बघितली. बाहेर येताना नीट वाकले.

आता एकच भीती आहे, आईच्या खरं बोलण्याची. काल भेटीला गेले होते. घर बांधलंय, जज्जांना फक्त 'घर आहे' एवढं म्हण, म्हणून दहा वेळा सांगितलं. "बगू," म्हणाली. मेढीचं माझ्याने बोलवलं नाही. 

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं लिहिते, नाहीतर नंतर मीच विश्वास ठेवणार नाही.

कोर्टात आमचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर लागला. आईला आणलं. डोक्यावरून पदर घट्ट घेतला होता, केस दिसू नयेत म्हणून. योगिनी मॅडमनी साहेबांची नवी चौकशी दाखवली, ही कामाला आलेली बाई आहे, भीक मागताना कोणी पाहिलेलं नाही, गावी घर आहे, लेक-जावई आहेत. जज्जबाईंनी वाचलं. मग आईकडे बघून चांगल्या आवाजात विचारलं, "आजी, तुम्हाला घर आहे का?"

आई म्हणाली, "बगितल्याबिगर कसं सांगू?"

 मागे कोणीतरी हसलं. जज्जबाई म्हणाल्या, "म्हणजे?"

"लेक म्हनते बांधलं. मी बगितलं नाय. मोडलं ते मी बगितलं. खोटं कसं सांगू, बाय?"

योगिनी मॅडमनी डोळे मिटून घेतले. मी उठले. बोलायची परवानगी असते का नसते मला काय माहीत. म्हटलं, "मॅडम, माझ्याकडे फोटो आहे. तिला दाखवू द्या." जज्जबाईंनी जरा विचार केला आणि मान हलवली.

मी फोन आईच्या तोंडासमोर धरला. तिने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मी बोटाने फोटो मोठा केला. सारवलेला कूड, दार, आणि दारातून आत दिसणारे काळे खांब. एक पुढे, एक मागे.

आई म्हणाली, "दोनी लावल्या?"

"दोन्ही," मी म्हटलं. "आई, मला माहीत नव्हतं गं."

कोर्ट आहे, माणसं आहेत, माझ्या लक्षातच राहिलं नाही. आईने माझ्याकडे बघितलं. मग फोन मला परत दिला आणि जज्जबाईंकडे वळून मोठ्याने म्हणाली, "हाय. घर हाय, बाय."

माझ्या हमीवर सोडलं. सह्या करताना जज्जबाई म्हणाल्या, "आजी, पुन्हा असं रस्त्यावर राहू नका."

"कामाला येनार," आई म्हणाली. "कामाला आली तर रातचं कुटं जाऊ ते तुमी सांगा." जज्जबाईंनी सही केलेला कागद बाजूला सरकवला. पुढच्याचं नाव पुकारलं गेलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल पोचेपर्यंत अंधार झाला. सगळी वाडी मागल्या अंगणात. संजूने दारात बल्ब लावला होता आणि स्वतः टेम्पोमागे लपला होता. आईने त्याला हाक मारून बोलावलं, "ये रे. मी काय तुला खाते?" तो आला आणि तिच्या पाया पडला. तिने त्याच्या पाठीत एक धपका घातला, चांगला आवाज झाला.

मग ती झोपडीकडे गेली. काका वाकून गेले, मावशी वाकून गेली, मी वाकले तरी माझं डोकं आपटलं. आई सरळ गेली. तिला वाकावंच लागलं नाही! ती तेवढीशीच आहे, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आत जाऊन उभी राहिली, दोन्ही मेढींना हात लावला आणि चूल पेटवली. आम्ही सगळे दाराशी ओणवे.

"आत ये गो," ती मला म्हणाली. "भाईर काय उबी? बस."

मी बसले. तिने नव्या ताटात भात वाढला आणि ते ताट माझ्यापुढे ठेवलं. स्वतः पानावर जेवली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आई परत खाली गेली. पारूमावशीबरोबर. या वेळी सांगून गेली, आदल्या दिवशी.

मी खूप ओरडले. पुन्हा धरतील, पुन्हा केस कापतील, माझ्या हमीचं काय, सगळं बोलले. ती बोरं निवडत होती. म्हणाली, "मी काय चोरी केली? धंदा करते. कोन इचारील तर सांगीन, घर हाय, तितं जाऊन बगा." शेवटी मी योगिनी मॅडमचा नंबर तिच्याकडून आणि मावशीकडून, दोघींकडून पाठ करून घेतला. मावशीला आला. आईला शेवटचे दोन आकडे येत नाहीत. जाताना तिने दाराचा झाप ओढून काटेरी डहाळी लावली आणि म्हणाली, "घराकडं बग."

सकाळी कामावर जायच्या आधी मी डहाळी काढली, वाकून आत गेले, झाडलं, मेढीवरची धूळ पुसली. सात नंबरात करते तसंच, पण तिथे मी कधी गुणगुणत नाही. संजू मागून आला. कालपासून तो टेम्पो घेऊन भाड्यावर गेला होता, त्याला कळलं नव्हतं. दारात ओणवा होऊन म्हणाला, "कुनाशी बोलते? आत कोन हाय?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "आईचं घर आहे."